वेदनेशी वाटाघाटी नाहीत

४ मार्च, सकाळ
छापखाना कामगार संघटनेच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन अठराला. मुख्य वक्ता मी! पाठीचं ऑपरेशन बिघडल्यापासून सगळी भाषणं बसून केली. बसून केलेल्या भाषणाला भाषण म्हणत नाहीत, गाऱ्हाणं म्हणतात. या वेळी उभा राहणार. पाऊण तास. विषय : ‘वेदनेशी वाटाघाटी नाहीत’.
खुर्ची बदलतो. ही टोचते.

६ मार्च
दुसरी खुर्चीही टोचते. उभ्याने लिहितोय.
माझ्या पोटाच्या कातडीखाली पंप बसवलाय. तो बारीक नळीतून मणक्यात थेंबथेंब औषध सोडतो, म्हणून मी चालतो, असं डॉक्टरांचं मत. मताचा आदर आहे. खरं काम मनोबलाचं, पंप निमित्तमात्र. घरी सोडताना नर्सबाईंनी पंपाबद्दल बरंच सांगितलं होतं. मी तेव्हा शेजारच्या पेशंटला इच्छाशक्तीवर दोन शब्द सांगत होतो. हिने ऐकलं असेल.

९ मार्च
पंपात औषध भरायची अपॉइंटमेंट चौदाला. सभागृहात माईकची चाचणीही चौदालाच. माणसाने यंत्रापुढे वाकायचं? दवाखान्याच्या फोनवर रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली, तारीख बदलायची असल्यास दोन दाबा. दाबलं. बावीस मिळाली. हिला सांगितलं, दवाखान्यानेच पुढे ढकलली. ध्येय मोठं असलं की असत्य लहान होतं.

१४ मार्च
माईक उत्तम. पोडियम डगमगतो. की मी? पोडियमच.

१५ मार्च
फ्रिज बिघडला. मधूनच पीं पीं करतो. ही म्हणाली, फ्रिज स्वयंपाकघरात आहे आणि आवाज तुमच्या मागे मागे फिरतोय. मी म्हटलं, ध्वनीचे नियम तुला ठाऊक नाहीत. तिने फ्रिजचा प्लगच काढला. पीं. आता शेजाऱ्यांचा फ्रिज.

१६ मार्च
ही म्हणते, पंप रिकामा होत आला की वाजतो, असं नर्सबाई म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, दवाखान्यानेच तारीख पुढे ढकललीय, म्हणजे औषध पुरणारच. ते काय वेडे आहेत? बिनतोड युक्तिवाद. मलाही पटला.
जादा डोस घ्यायचा रिमोट कपाटात ठेवून किल्ली हिच्याकडे दिली. संकल्प म्हणजे संकल्प.
दुपारी किल्ली मागून घेतली. रिमोट जागेवर आहे का, एवढंच बघायचं होतं.

१७ मार्च
भाषण वाचून पाहिलं. अंगावर सर्रकन काटा आला. आपलंच लेखन, तरी! पंख्याखाली बसून घाम, नाक वाहतंय, पाय एका जागी ठरत नाहीत. इतकी ऊर्जा तरुणपणी संपाच्या काळातसुद्धा नव्हती. पाठ ठणकतेय. तीही उत्सुक असणार.
दवाखान्याचा फोन आला. उद्घाटनानंतर बोलेन.
शेजाऱ्यांचा फ्रिज जास्तच बिघडलाय.

१८ मार्च, दुपार
निघतोय. बुटाच्या नाड्या हिने बांधल्या. वक्त्याने ऊर्जा राखून ठेवायची असते. ही म्हणाली, अहो, चेहरा पांढराफटक पडलाय. मी म्हटलं, तेज आहे.

१९ मार्च, दवाखाना
काल उभा राहिलो. हे नोंदवणं आवश्यक. पोडियमचे दोन्ही कोपरे घट्ट धरले होते, ते भावनेच्या भरात. तिसऱ्या वाक्याला, ‘वेदना माझ्या दारात ताटकळत उभी राहते’ म्हटलं आणि पीं. माईकमधून सभागृहभर. मी गरजलो, कोणाचा मोबाईल आहे तो? ज्याचं वाजतंय त्याने तत्काळ बाहेर व्हावं! टाळ्या. अध्यक्षांनीही दुजोरा दिला. पहिल्या रांगेने खिसे चाचपले. पुन्हा पीं.
तेव्हा ही रांगेतून उठली, मंचावर आली आणि सर्वांसमोर माझ्या पोटाला कान लावला. मग माईकमध्येच म्हणाली, अहो, चला. तुमचंच वाजतंय.
नियम मीच केला होता. बाहेर गेलो. हिच्या खांद्यावर भार टाकून. तिला आधार हवा होता. या वेळच्या टाळ्या जास्त होत्या, असं ही म्हणते. मोजायच्या स्थितीत मी नव्हतो. गाडीत ओरडलो, असंही ती म्हणते.
नर्सबाईंनी पोटात सुई घालून पंप भरला. म्हणाल्या, काका, औषध असं अचानक तुटलं तर जिवावर बेततं. हा घाम, हा काटा, सगळं त्याचंच. आणि तारीख आम्ही नाही, तुम्हीच बदललीत. हिने माझ्याकडे पाहिलं. पुढची तारीख स्वतःच्या फोनमध्ये टाकली.

१९ मार्च, संध्याकाळ
घाम थांबला. पाय शांत. खुर्ची टोचत नाही.
भाषण पुन्हा वाचून पाहिलं. काटा आला नाही.