गाळलेला काना

१४ जुलै

देवयानी मॅडमनी माझा शब्द बदलला! न विचारता. ‘उघाडी’चं ‘उघडी’ केलं, वर कमेंट — जागृती, शुद्धलेखन तपासत जा.

ठाण्यात, नौपाड्यात जन्मलेल्या बाईला उघाडी कुठून माहीत असणार? खाडीच्या बांधातली झडप ती. भरतीला लावून ठेवायची, ओहोटी लागली की फळ्या काढून आतलं पाणी सोडायचं. आमच्या आगरी बोलण्यात उघारी. आजोबा — गुणाजी — जन्मभर गावाची उघाडी सांभाळत होते. ते नाव आहे, चूक नाही!

भांडले नाही. व्हिडिओ गेम त्यांचा, मी फक्त त्यातला तळ बांधते. सात थरांचं शहर आहे. वरती बागा, काचेचे पूल, ऊन. सर्वांत खाली खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी दलदल, आणि पंप चालवणारी माणसं. मीटिंगमध्ये वरच्या थरांवर तासभर चर्चा होते. माझा थर आला की सगळ्यांना भूक लागते.

१७ जुलै

कमलेश गेम खेळून चुका शोधतो. त्याचा आजचा रिपोर्ट — झडप उघडी दाखवतेय, पाणी उतरत नाही, तीनदा बुडालो.

त्याने दांडा ओढलाच नव्हता! “अगं उघडी लिहिलंय ना, मग परत कशाला उघडू?” बरोबर आहे त्याचं. सगळे हसले. मीपण हसले.

२० जुलै

खाली जायला नको होतं.

बाबा डबा विसरले म्हणून मी द्यायला गेले. बाबा बत्तीस मजल्यांच्या टॉवरच्या पंपावर आहेत, दोन बेसमेंट खाली. टॉवर आमच्याच खाजणात उभा आहे. जमिनीच्या बदल्यात आम्हाला मागची चार मजली बिल्डिंग मिळाली. टॉवरची बाग आम्हाला नाही, तिथली लिफ्टही मालाचीच वापरायची. ठाकुर्लीत सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही.

पंपाशेजारी भिंतीवर चार्ट लावलाय. पंप एक — चालू. पंप दोन — चालू. जनरेटर — बंद. खाडीकडची झडप — उघडी.

 फार वेळ बघवलं नाही.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, झडप हल्ली कोण उघडतं? दरवर्षी बाबाच उघडायचे, कुणी न सांगता. मे महिन्यात देखभाल नव्या कंपनीकडे गेली. “मना बोलले, तुझा काम पंप. तिकरं जायाचा नाय. कुलूप लावलाय. त्यांचा मानूस हाय, तो चार्ट बगून करतंय.”

चार्ट बघून!

२२ जुलै

ऑफिसला जाण्याआधी बांधावर जाऊन आले. जाळीतून दिसलं. झडप बंद आहे. फळ्यांवर शेवाळ. आतल्या बाजूला पाणी बांधापासून हातभर खाली, बाहेर ओहोटीचा चिखल.

पावसाळा सुरू झाल्यापासून कुणी हातच लावलेला नाही. कसा लावणार, उघडीच आहे ना ती!

२३ जुलै

सोसायटीच्या मॅनेजरकडे गेले. “मॅडम, उघडी आहे, लिहिलंय ना.” म्हटलं ते नाव आहे हो, उघाडी. तो म्हणाला, “मग असं का लिहिलं? कोणी लिहिलं?”

मी उठून आले.

२५ जुलै

झोप नाही. कॅलेंडरमध्ये बघितलं, २९ला दुपारी उधाणाची भरती, पावणेपाच मीटर. मोठ्या पावसाचा इशाराही त्याच दिवशी. खाडी भरलेली आणि आतलं पाणी आधीच काठाला. ते जाणार कुठे? खालीच जाणार. बाबा खालीच असतात.

ऑफिसात माझा थर चालवून बघितला. झडप बंद, पाऊस पूर्ण. खालची खोली सोळा मिनिटांत भरते. परत चालवला. सोळा. तिसऱ्यांदा चालवताना पंपवाल्याच्या अंगात निळा शर्ट आहे ते दिसलं. तो मीच घातलाय त्याला, बाबांचा बघून. मशीन बंद केली आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

२८ जुलै

बाबांना सांगितलं. सगळं नाही. एवढंच, की चार्टवर झडप उघडी लिहिलीय.

बाबांचा घास हातात राहिला. “नाव हाय गो तिचा. उघारी. असा कोन लिवल?” मग माझ्याकडे बघितलं आणि ताट बाजूला सारलं.

उद्या जाऊ नका म्हटलं. “पंप सोरून कसा चालंल?” मी ओरडले, मरा मग तिथेच! असं कधी बोलले नव्हते बाबांना.

२९ जुलै



साडेबाराला फोन लावला — संपर्क क्षेत्राच्या बाहेर. एक वाजता, तेच. मॅडमना न सांगता निघाले. पोहोचायला तीन तास लागले. वाटेत सोसायटीच्या ग्रुपवर धडाधड मेसेज येत होते. लिफ्ट का बंद? लिफ्ट कधी सुरू होणार? माझी गाडी खाली आहे! पंपावर माणूस आहे का, हे एकानेही विचारलं नाही.

बेसमेंटचा उतार पाण्याने काठोकाठ भरलेला. मी तिथेच खाली बसले. कुणीतरी म्हणालं, म्हातारा बांधाकडे गेला बहुतेक.

बाबा बांधावर बसलेले. कमरेपर्यंत चिखल, ओठ काळेनिळे, बाजूला पहार. कुलूप फोडलेलं, फळ्या काढलेल्या, पाणी खाडीत धावत होतं. पाणी छातीला लागल्यावर निघाले म्हणे. मग तासभर पावसात बसून भरती उतरायची वाट बघितली. “आदी उघारली असती तं खारी आत आली असती.”

मी त्यांना घट्ट धरलं. ते म्हणाले, “तू सांगितलास म्हून समाजला.”

३० जुलै

बाबांना ताप. मॅनेजरचं बोलावणं आलंय, कुलूप फोडल्याबद्दल. चार्टचीही चौकशी आहे.

१ ऑगस्ट

मॅनेजरने विचारलं, चार्ट कोणी लिहिला? बाबा म्हणाले, “मीच लिवलाय.” कामावरून काढलं. मी बाजूला उभी होते, तोंड उघडलं नाही.

बाबांना सहीपलीकडे अक्षर येत नाही. मे महिन्यात नव्या कंपनीसाठी चार्ट करताना ते सांगत होते आणि मी टाईप करत होते. “झरप — उघारी.” बाबा ‘ड’ला ‘र’ म्हणतात म्हणून हसले, आणि त्यांचं बोलणं शुद्ध करून ‘उघडी’ लिहिलं. वीस तारखेला भिंतीवर बघताक्षणी ओळखलेलं. इथेही लिहिलं नाही.

घरी येताना बाबा एवढंच म्हणाले, “मना त्याच राती समाजला व्हता गो.”