गाणं दबलं म्हणजे ती बोलली

उस्ताद,

तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं आणि मला उर्दू कधी जमलं नाही. शहागंजातल्या दुकानात स्क्रूच्या डब्यांवर तुम्ही उजवीकडून नाव लिहायचात, मी डावीकडून, आणि दोन्ही नावं मधे एकमेकांना भिडायची. म्हणजे तुम्ही असतात तरी हे कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि हे तिसऱ्या माणसानं ऐकावं असं नाही. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. मी सहावीपर्यंत शिकलेला माणूस, पत्र लिहायची सवय नाही, दोन ओळी झाल्या की पेन हातात घसरतं. तरी लिहितोय, कारण गुरुवारपासून छातीत एक भीती बसली आहे ती उठायला तयार नाही.

तुमच्या वेळी गाडीत आवाज एकच असायचा. कॅसेट घातली की गाणं, काढली की इंजिन. रस्ता विचारायचा तर काच खाली करून पानटपरीवर विचारायचा आणि तेवढ्यापुरता टेप बारीक करायचा. आता टेपच्या जागी वीतभर स्क्रीन बसते. त्यातच गाणी, त्यातच फोन, त्यातच नकाशा, आणि नकाशातली एक बाई रस्ता सांगत राहते, आता डावीकडे वळा, पुढे उजवीकडे राहा. गाण्याचा आवाज वेगळा लावायचा, बाईचा वेगळा. बाई बोलायला लागली की गाणं आपोआप दबतं आणि तिचं संपलं की वर येतं. किती दबायचं तेही आपणच ठरवायचं. कमी दबलं तर बाई कळत नाही, जास्त दबलं तर गाण्याचे तुकडे होतात आणि गिऱ्हाईक वैतागतं. शिवाय गोल बटण फिरवलं की त्या घटकेला जे वाजत असेल त्याचाच आवाज वाढतो. लोक बाईचा वाढवायला जातात, तोवर ती गप्प झालेली असते, मग गाणंच मोठं करून बसतात आणि आमच्याशी येऊन भांडतात. वायरी जोडायचं काम आता माझा मुलगा करतो. आवाज लावायचं माझ्याकडं आहे. तो गिऱ्हाइकांना सांगतो की अण्णांचा कान म्हणजे मशीन आहे. तो असं म्हणाला की मी खाली वाकून पाना शोधायला लागतो.

बुधवारी छावणीतल्या एक मॅडम आल्या. शाळेत शिकवतात, पन्नाशीला टेकल्या असतील, गाडी शिकून चार महिने झालेले. दुसऱ्या दिवशी आईला डोळ्याच्या ऑपरेशनला नाशिकला न्यायचं होतं, भाऊ परदेशात, त्यामुळं स्वतःच चालवणार होत्या. म्हातारी मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, जणू नाशिकला आत्ताच निघायचंय. मॅडम मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "काका, आईला कमी ऐकू येतं, भजन मोठं लागतं. बंद केलं की दर पाच मिनिटाला विचारते, आलं का नाशिक. आणि मला ती रस्ता सांगणारी बाई ऐकू आलीच पाहिजे. मी स्क्रीनकडं बघतच नाही. एकदा बघितलं तर गाडी दुभाजकाला घासली." मी म्हणालो, तुम्ही काळजी करू नका. तसं मी सगळ्यांनाच म्हणतो.

मन लावून काम केलं, उस्ताद, खोटं सांगत नाही. भजन मागच्या स्पीकरांवर ढकललं, पुढं नुसतं ऐकू येईल एवढंच ठेवलं. म्हातारी थोडं अजून, थोडं अजून म्हणत गेली आणि शेवटी म्हणाली, "बास बाबा, आता देवालाबी ऐकू जाईल." या सगळ्यात नकाशा चालूच होता. गाडी दुकानात उभी आणि बाई सारखी वळा म्हणून सांगतेय, दरवेळी मॅडम दचकतायत. म्हणून मी बाईचा आवाज शून्यावर नेला. या धंद्यातले सगळेच असं करतात, काम झालं की परत वर आणायचा. मग तुम्ही शिकवलं तसं ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसलो, दार लावून घेतलं आणि ऐकलं. स्क्रीनवर बाण वळला, भजन क्षणभर दबलं, परत वर आलं. मी उतरलो आणि म्हणालो, फर्स्ट क्लास.

गुरुवारी साडेदहाला तशीच दुसरी गाडी आत घेतली. तेच काम, तसंच शून्य, तसाच सीटवर बसलो आणि फर्स्ट क्लास म्हणालो. मुलगा बाजूच्या सीटवर होता. त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं. "अण्णा, मुकी बाई देता काय गिऱ्हाइकाला? आवाज शून्यावर हाय की." आणि हसला. मीही हसलो. मग कालची गाडी डोळ्यासमोर आली.

उस्ताद, माझा उजवा कान दोन वर्षांपासून गेल्यात जमा आहे. डावाही फार सांगण्यासारखा राहिला नाही. जाड आवाज येतात, ढोलक येते, माणूस समोर उभा असेल तर त्याचं बोलणं येतं. पण बाईसारखा बारीक आवाज, त्यात गाणं चालू असेल तर, मुळीच येत नाही. हे घरात कुणाला माहीत नाही. मी आपली एक युक्ती काढली होती. गाणं दबलं म्हणजे ती बोलली. गाण्याच्या दबण्यावरून मी तिचं बोलणं धरत होतो आणि दोन वर्षं ते बरोबर निघत होतं. पण तिचा आवाज शून्यावर असला तरी गाणं दबतंच. मशीनला तेवढंच कळतं की आता हिची बोलायची पाळी आहे. गाणं जागा करून देतं आणि त्या जागेत कुणीच बोलत नाही. पंचेचाळीस वर्षं या धंद्यात काढली आणि ही गोष्ट मला त्या सकाळी कळली.

मॅडम नऊला निघणार होत्या. म्हणजे आता त्या समृद्धीवर होत्या. गावातला रस्ता त्यांचा पायाखालचा, तिथं बाई नाही बोलली तरी काही वाटणार नाही. आणि त्या मोठ्या रस्त्यावर तर ती तास तासभर गप्पच असते, त्यामुळं शांतता हा बिघाड आहे असं कुणाच्या मनात येत नाही. सिन्नरच्या बाजूला उतरायचा फाटा येणार, भजन क्षणभर दबणार, परत वर येणार आणि गाडी सरळ निघून जाणार. तिथं फाटा चुकला की पुढचा लई लांब असतो. नवशिके लोक काय करतात मला माहीत आहे, दुकानात येऊन हसत सांगतात. गाडी कडेला घेतात आणि तशीच मागं आणतात. मागून येणारे ट्रक काय वेगानं येतात तेही मी बघितलंय.

फोन करावा म्हणून तीनदा खिशातून काढला. पण फोन केला तर तो त्याच स्क्रीनवर वाजणार, नकाशा झाकून टाकणार. ज्या मॅडमनी स्क्रीनकडं बघितलं की गाडी घासते, त्यांना मी स्वतःच्या हातानं स्क्रीनकडं बघायला लावायचं? आणि नाही केला तर? मुलगा म्हणाला, "अण्णा, घाम का आला? बीपीची गोळी घेतली का?" घेतली म्हणालो. खरं सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं की काल तुम्ही बसून ऐकलं होतं ना, मग? मी समोरच्या टेलरच्या ओट्यावर जाऊन बसलो. एक रुग्णवाहिका गेली. ती अगदी समोर आल्यावर मला कळली.

तिथं बसल्या बसल्या तुमचा तो शुक्रवार आठवला. मी बावीस-तेवीस वर्षांचा, गावाकडची मेंढरं भावाच्या हवाली करून आलेला, तुमच्याकडं दुसरं वर्ष. तुम्ही नमाजाला गेलाय. गंगापूरला चालणारी जीप टेप बसवायला आली आहे आणि जीपवाला घाई करतोय, सीटा भरायच्यात म्हणतोय. वायर जोडताना हॉर्न भोकाडतो म्हणून मी त्याचा फ्यूज काढून टेबलावर ठेवतो. टेप वाजतो, जीपवाला खूश, जीप जाते. तुम्ही येता, टोपी खिशात घालता आणि टेबलाकडं बघता. "ये किसका है?" एवढंच. मी म्हणतो, गंगापूरच्या जीपच्या हॉर्नचा. तुम्ही फ्यूज मुठीत घेता, लुना काढता, मला मागं बसवता. छावणीपर्यंत तुम्ही एकदाही मागं वळून बघत नाही. जीप तिथं उभी असते, आत माणसं खचाखच, मागं लोंबकळणारी वेगळी, टेप जोरात. तुम्ही बोनेटखाली हात घालून फ्यूज बसवता, हॉर्न दोनदा दाबून बघता. जीपवाला शिव्या द्यायला तोंड उघडतो तेवढ्यात तुम्ही म्हणता, "गलती मेरी है. मैं देखे बगैर गाडी छोडा." तुम्ही तर दुकानात नव्हतातच. मी लुनाजवळ उभा राहून ऐकतोय आणि मान वर होत नाही.

परत येताना मला वाटलं आता दोन तरी कानाखाली बसतील. तुम्ही चहा मागवला. अर्धा कप पिऊन झाल्यावर म्हणालात, "गाना नै बजा तो गिराक वापस आता. हॉर्न नै बजा तो नै आता." मार बसला असता तर मी विसरलो असतो. त्या दिवसापासून तुम्ही मला ड्रायव्हरच्या सीटवर बसायला लावायला लागलात, हॉर्न, लाईट, वायपर आणि सगळ्यात शेवटी गाणं.

कानाचंही तुम्हीच सांगितलं होतं. लग्नांचे भोंगे तपासताना तुम्ही अत्तराचा फाया काढून तोच कापूस कानात दाबायचात आणि मलाही बोळा करून द्यायचात. मी तो खिशात टाकायचो. कापूस घालून कसलं काम, असं म्हणून मित्रांत हसायचो.

एक वाजेपर्यंत ओट्यावर बसलो. आता तरी पोचल्या असतील म्हणून फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. परत लावला, तसंच. मग माझ्या मनात जे जे आलं ते लिहीत नाही, लिहिलं की खरं होतं असं मला अजून वाटतं. टेलरनं विचारलं कुणी आजारी आहे का. मी हो म्हणालो.

पावणेदोनला त्यांचाच फोन आला. मी डाव्या कानाला लावला. म्हणाल्या, काका, आईला आत नेत होते म्हणून उचलला नाही. पोचलो, पण फार वेळ गेला. फाटा कधी मागं पडला कळलंच नाही, बाई बोललीच नाही. आईला काही सांगितलं नाही, ती मागं टाळ्या वाजवत होती. मी विचारलं, मग काय केलं? त्या म्हणाल्या, "गाडी मागं घ्यायला लागले होते, काका. थोडी घेतलीही. मागून ट्रक आला, एवढ्या जोरात हॉर्न दिला की पाय ब्रेकवरच राहिला. हातभर अंतरानं गेला. मग सरळ पुढं निघून गेले, लांबून वळून आले."

मी बोलायला तोंड उघडलं, उस्ताद. शब्द जिभेवर होता. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असणार. तुम्ही किती नीट लावून दिलं होतं. सॉरी काका."

मी म्हणालो, "होतं असं, मॅडम. नवीन आहे ना."

मग मी त्यांना गाडीत बसायला सांगितलं, सेटिंग उघडायला लावलं, बाईच्या आवाजाची रेघ बोटानं पुढं ओढायला लावली. फोनमधून कुणीतरी बोलल्याचा भास झाला. मी विचारलं, आली का? त्या म्हणाल्या, आली, अगदी स्पष्ट. दोनदा विचारलं. परत येताना भजन थोडं बारीकच ठेवा म्हणालो. शनिवारी त्या सुखरूप घरी पोचल्या, म्हातारीची पट्टी निघाली, दुकानात पेढे आले. मुलानं खाल्ले. मला गोड चालत नाही म्हणून सांगितलं.

हे पत्र मी टेबलाच्या खणात ठेवीन आणि कधीतरी फाडून टाकीन. एक मात्र केलंय. शुक्रवारपासून गाडी सोडण्याआधी ड्रायव्हरच्या सीटवर मुलगा बसतो आणि शेवटचं तोच ऐकतो. मी त्याला सांगितलं की गुडघे धरलेत, गाडीत चढ-उतर होत नाही. त्यानं लगेच कुठलं तरी तेल आणून दिलं, दोन वेळ लावा म्हणाला, आणि रोज विचारतो. गुडघ्यांना माझ्या काहीही झालेलं नाही. मी दोन्ही वेळ लावतो.