चाळीस डब्या

३ एप्रिल, सोमवार

नाही म्हणजे नाही! फोन आपटून ठेवला – डाव्या हाताने. उजवं मनगट मोडून प्लास्टरमध्ये आहे, म्हणून काय झालं! चिरंजीव म्हणतात, "आई, घर बंद कर आणि माझ्याकडे ये. एका हाताने काय करणार आहेस तू?" बाथरूममध्ये एकदा पाय घसरला, तर माणूस एवढं निकामी होतं?

म्हटलं, शाळेला सुट्टी लागते त्या दिवशी बिल्डिंगमधल्या पोरांना खाऊच्या डब्या कोण देतं? मीच ना? यंदाही चाळीस करणार, स्वतःच्या हाताने. झाल्या तर इथेच राहीन. एक जरी कमी पडली तर येईन मुकाट्याने.

"बघ हं, शब्द दिलास."

दिला!

४ एप्रिल

प्लास्टर निघालं, पण उजव्या हाताने पाण्याचा ग्लाससुद्धा उचलवत नाही. कात्री डाव्या हातात. दिवसभरात तीन डब्या. एकीचं झाकण असं तिरकं, की पिऊन आलेल्याची टोपी! तरी मोजणार होते. मग मोडून टाकली. लबाडी करून जिंकायचं तर जिंकायचं कशाला?

५ एप्रिल

एकूण सात. भात करपला. करपू दे.

७ एप्रिल

फोन आला. "किती झाल्या?" – "सतरा." मग म्हणे, "दमत असशील." दमते की! तू लहान होतास तेव्हा छापखान्यात दिवसभर वह्या शिवून दमत नव्हते का? तेव्हा कोणी म्हटलं नाही, बाई, बस जरा.

सूनबाईला फोन दे म्हटलं, तर म्हणे ती बाहेर गेलीय. त्याच रागात बसले आणि उरलेला सगळा कागद एका बैठकीत कापून काढला. वीस डब्यांचा!

८ एप्रिल

माझं मेलीचं डोकं फिरलं होतं काल!

कागदालाही लाकडासारखा धागा असतो. धाग्याच्या बाजूने घडी घातली की सुरेख बसते, आडवी घातली की फुटते. छापखान्याच्या बाइंडिंगखात्यात बत्तीस वर्षं नव्या पोरींना मी याच चुकीवरून फैलावर घेतलं. आणि काल वीसच्या वीस आडव्या कापल्या. आज उभ्या करायला घेतल्या तर सगळ्यांच्या कडा तडकलेल्या, तळ उघडे पडलेले.

रडले. खूप रडले. पोळ्या घेऊन आलेल्या शेजारच्या नर्सबाईने पाहिलं. म्हणाली, "मावशी, दहा-वीस मी करून देते. कुणाला कळणार आहे?"

मला कळेल ना! तिला चहा पाजला आणि वाटेला लावलं. चांगली आहे बिचारी.

९ एप्रिल

स्टेशनरीवाला म्हणे, जाड कागद संपला, तयार खोकी घ्या ना आजी! आजी कोणाची रे मी?

घरी येऊन जुनी कॅलेंडरं खाली काढली. छान जाड कागद. आधी प्रत्येकाचा कोपरा फाडून पाहिला – सरळ फाटतो त्या दिशेला धागा. पट्टी गुडघ्याखाली दाबून धरली, घडीवर चमच्याची पाठ फिरवली. झाकणावर फेब्रुवारी, तळाला ऑगस्ट. पोरांना गंमत वाटेल. आज सहा झाल्या, एकूण तेवीस.

११ एप्रिल

एकोणचाळीस! डावा खांदा भरून आलाय. पण आता कोण हरतंय! उद्या शाळेला सुट्टी लागते, मोजायला चिरंजीव येतायत. शेवटची सकाळी उठून करीन.

१२ एप्रिल, दुपार

चाळीस!

दहाला आला. दारात मोठी थोरली बॅग ठेवली. माझं सामान भरायला आणली असणार, केवढा तो विश्वास! टेबलावर मांडलेल्या डब्या त्याने दोनदा मोजल्या. एक उचलून दाबून पाहिली. म्हटलं, "दाब हवी तेवढी." मग पोरं आली, गोळ्या-बिस्किटांनी भरलेल्या डब्या घेऊन आरडाओरडा करत जिना उतरली. बिल्डिंग दणाणली नुसती.

मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले – दोन्ही हात! "आता बोल. माझं मला जमतं की नाही?"

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

संध्याकाळी

बॅग मी उघडली. सगळे त्याचेच कपडे. मग त्याने सांगितलं – सूनबाई घर सोडून गेली, त्याला दोन महिने झाले.

"तुला जमतं गं, आई. मलाच एकट्याला जमत नाहीये."