कॅप्टन हेक्टरच्या शेजारची जागा

फाटकाजवळचं घर, थ्रॉस्बी हॉल
मंगळवार, चहानंतर

आदरणीय मुरिएलवहिनींना युनिसचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे मी ठीक आहे, बाकीच्यांची चौकशी मी करत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? समुद्राची हवा मानवतेय ना? त्या हॉटेलात अंडी अजून दगडासारखीच उकडतात का, आणि तुमच्या टेबलावर बसणारा तो कर्नल अजून तीच वाघाची गोष्ट सांगतो का? (हे मला कसं कळलं म्हणाल, तर तुम्ही पोस्टातल्या बाईला पत्र लिहिता आणि पोस्टातली बाई ते मला वाचून दाखवते. तिला रागावू नका. मला पाठवायचं सोडून तिला पाठवता, मग ती तरी काय करणार बिचारी!)

आपलं बोलणं बंद होऊन दोन वर्षं झाली. कारण तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे आणि सबंध परगण्याला माहीत आहे. आमच्या रूपर्टला चर्चखालच्या तळघरात ठेवून आपण पायऱ्या चढत होतो, डोळ्यांतलं पाणीही पुसलं नव्हतं, आणि एकाच दमात दोघी बोललो, “ती उरलेली जागा माझी.” घराण्याच्या तळघरातला तो शेवटचा रिकामा दगडी कप्पा, रूपर्टच्या उजव्या हाताचा. तुम्ही म्हणालात, मी बायको. मी म्हणाले, मी बहीण. लहानपणी त्याच्या शेजारचा पलंग माझा होता, तेव्हा तुम्ही कुठे होतात? त्यावर रेव्हरंड टॅपलोंनी घाम पुसत निवाडा दिला, की जी आधी येईल तिची जागा. झालं! तेव्हापासून आपली जी शर्यत चाललीय तशी जगात दुसरी नसेल. पुढे जायचं दोघींनाही नाही, पण दुसरी पुढे गेलेली खपत नाही. तुम्हाला न्यूमोनिया झाल्याचं ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. (काळजीनं. कसली काळजी ते विचारू नका.) आणि मी जिन्यावरून पडले तेव्हा तुम्ही फुलं पाठवलीत ती कसली, तर पांढरी लिली. लिली, वहिनी! माणूस धडधडीत जिवंत असताना!

असो. मी भांडायला पत्र लिहीत नाही. तिढा सुटलाय. पण तो कसा सुटला हे कळायला आमचं घराणं पुन्हा एकदा ऐकून घ्यावं लागेल. तुम्हाला जांभई येईल, ती द्या. चाळीस वर्षं जेवणाच्या टेबलावर दिलीत, आता तर मी समोरही नाही.

पहिल्या लॉर्ड थ्रॉस्बींनी पळणाऱ्या राजाला घोडा उसना दिला आणि राजा परत गादीवर आल्यावर तो मागितला नाही, म्हणून आम्ही लॉर्ड झालो. न मागणं हा आमच्या घराण्याचा एकमेव पराक्रम. दुसरे लॉर्ड दोन बायकांच्या मधोमध निजलेत. त्या दोघी जिवंतपणी एका खोलीत बसत नसत, आणि तळघरात ज्या कप्प्यांना सगळ्यात जास्त तडे गेलेत ते नेमके त्यांचे आहेत. सहावे लॉर्ड नेपोलियनशी लढायला स्पेनला गेले नि येताना एक शवपेटी घेऊन आले. तोच आमचा कॅप्टन हेक्टर! घराण्यात लढाईत मेलेला हा एकच. बाकीचे सगळे जेवणानंतर गेले.

हेक्टरवरचा शिलालेख तुम्हाला पाठ असेल: ‘हेक्टर. धन्याशी एकनिष्ठ. शत्रूवर सर्वांआधी धावून जाणारा. उपाशीपोटीही तक्रार न करणारा. स्पेनच्या मोहिमेत कामी आला.’ यात कॅप्टन कुठेच नाही. ते पद आमच्या आजोबांनी दिलं, कारण थ्रॉस्बी मरेल तर किमान कॅप्टन होऊन मरेल असं त्यांचं म्हणणं. तसबीर नव्हती, तीही त्यांनीच आणली. शेजारच्या सर वॉल्टरच्या घराचा लिलाव झाला तेव्हा एक नाकेला, लाल कोटातला गृहस्थ उचलून आणला आणि म्हणाले, हाच आपला हेक्टर, वाट चुकून तिकडे गेला होता! तेव्हापासून घरात कोणी जन्मलं की त्याचं नाक हेक्टरशी ताडून बघायचं. माझं तंतोतंत जुळलं. तुम्ही लग्न होऊन आलात त्या पहिल्याच जेवणात मोठ्यांदा म्हणालात, “अगंबाई, हे तर तसबिरीतल्या कॅप्टनचं नाक!” सगळे हसले. मी मात्र मनातून खूश झाले होते. वीराचं नाक म्हणजे काय चेष्टा आहे?

दरवर्षी जूनमध्ये हेक्टरचा रविवार. पुष्पचक्र, प्रवचन, पुरुषांच्या टोप्या खाली. आणि ऐन शांततेत आमचा रूपर्ट ओठांचा चंबू करून हळूच शीळ घालायचा. लहानपणी आई चिमटा काढायची, पुढे तुम्ही कोपर मारायला लागलात. पण शीळ काही चुकली नाही. शेवटच्या दुखण्यात त्याने मागितलं काय, तर “मला हेक्टरशेजारी ठेवा.” पलंगाच्या या बाजूला बायको, त्या बाजूला बहीण, आणि ह्याला हवा कॅप्टन! आपण दोघी एकमेकींकडे बघितलं होतं, आठवतं? त्या एका क्षणी आपलं एकमत झालं होतं. दोघींनाही लागलं होतं ते.

तर आता ऐका. आपला पेरेग्रिन (रूपर्टनंतर लॉर्ड झाला म्हणून काय झालं, माझ्यासाठी तो अजून नाक शिंकरायला विसरणारा भाचाच) हल्ली हॉल लोकांना तिकीट लावून दाखवतो. तुमच्या शयनगृहात आता पोस्टकार्डं विकतात. ते पुरेसं नव्हतं म्हणून त्याने तळघरही उघडायचं ठरवलं. ‘वीर कॅप्टनची समाधी’ अशी तिकिटंसुद्धा छापून आणली. पण हेक्टरचा कप्पा ओलीने खचला होता, तेव्हा हॉबडे गवंड्याला बोलावलं. त्याच्याबरोबर पेटी उचलायला तिघे गडी होते. रेव्हरंड टॅपलो प्रार्थना म्हणायला हजर, मी नजर ठेवायला हजर. हॉबडेने पेटीला हात घातला आणि एकट्यानेच ती काखेत मारून बाहेर आला.

“बाईसाहेब,” तो म्हणाला, “कॅप्टनसाहेब अंगानं लहानखुरे होते काय?”

“तोफगोळा रे, तोफगोळा!” पेरेग्रिन ओरडला. “अर्धे स्पेनमध्येच राहिले. हे तर तिकिटावर छापायला हवं!”

एवढ्यात पेटीचा कुजका तळ सुटला, आणि आमचा एकुलता एक वीर हॉबडेच्या बुटांवर सांडला. चार पाय, वहिनी. चार पाय, एक शेपूट, एक भलामोठा जबडा आणि पितळी पट्टा. टॅपलोंनी चष्मा लावून पट्टा वाचला: ‘हेक्टर. सापडल्यास थ्रॉस्बी हॉलवर आणून द्यावा. चावतो.’

मग टॅपलो पायरीवर मटकन बसले. “युनिसबाई,” ते म्हणाले, “गेल्या जूनमध्ये मी शाळेतल्या मुलांना सांगितलं, की याच्यासारखे व्हा!” मी म्हटलं, त्यात काय चुकलं? पोरं निदान हाक मारल्यावर आली तरी असती. पण त्यांना काही धीर आला नाही. मला स्वतःला एकच गोष्ट खाऊ लागली. सहाव्या लॉर्डांनी काहीच लपवलं नव्हतं. शिलालेखातला शब्दन् शब्द खरा होता. तो कुत्र्याचा आहे एवढंच दीडशे वर्षांत एकाही थ्रॉस्बीच्या डोक्यात आलं नाही, आणि तरी आम्ही वरच्या सभागृहात बसून देशाचे कायदे करतो. आणि माझं नाक? ते आता कुठलं? सर वॉल्टरच्या घराण्यातलं? आजीबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. हसा, वहिनी. पोटभर हसून घ्या, पण एकदाच.

पेरेग्रिन पांढराफटक पडला होता. “आत्या, हे कुणाला सांगायचं नाही हं. पेपरात आलं तर लोक मला बघून भुंकतील!” मग मी काय केलं असेन? तिथल्या तिथे सौदा केला. मी गप्प बसते, पण हेक्टर बाहेर. चर्चमागच्या यूच्या झाडाखाली त्याला जागा द्या, आणि रिकामा झालेला कप्पा आम्हाला. रूपर्टच्या उजवीकडे एक, डावीकडे एक. दोन जागा, दोन म्हाताऱ्या, भांडण मिटलं! कोण कुठे याचाही मी निःपक्षपाती विचार केलाय. डाव्या कानाने रूपर्टला ऐकू येत नव्हतं. उभ्या संसारात तुमचं बोलणं सुरू झालं की तो तोच कान तुमच्याकडे करायचा, तेव्हा ती बाजू तुमच्या सवयीची आहे. डावी तुम्ही घ्या. पाटी मात्र हेक्टरचीच राहील, तिकिटं छापून झालीत ना. म्हणजे बाहेर कॅप्टन, आत तुम्ही, आणि दर रविवारी परगावची माणसं तुमच्यासमोर टोप्या काढणार. पितळी पट्टा लावायचा की नाही हे तुमच्यावर सोपवते.

तर असं आहे. गुडघ्याला शेकत जा. कर्नलला माझा नमस्कार सांगा, वाघालाही.

तुमची नणंद,
युनिस थ्रॉस्बी

ता. क. – एक किरकोळ गोष्ट राहिली. पेरेग्रिन म्हणतो, काकूंची संमती हवी, नाहीतर काकू नक्की पेपरवाल्यांना सांगतील. (मी म्हटलं, छे, काकू तशा नाहीत. खोटं बोलले.) तेव्हा एका कार्डावर ‘चालेल’ एवढंच लिहून पाठवा. माझ्या पत्त्यावर. पोस्टातल्या बाईच्या नको.

ता. क. दुसरा, बुधवारी – कार्ड पाठवू नका. पाकीट चिकटवलं नव्हतं ते बरं झालं. आज सकाळी हॉबडेने हेक्टरला नव्या पेटीत घालून चर्चच्या दारात ठेवलं आणि तो कुदळ घेऊन झाडाकडे गेला. मी पेटीपाशी बाकावर बसले होते. आणि एकदम आठवलं. आजोबांना ठेवायला तळघर उघडलं होतं, रूपर्ट नऊ वर्षांचा, मी आठ. हा मेणबत्ती घेऊन आत घुसला, हेक्टरच्या कप्प्यापाशी खुडबुड केली आणि बाहेर आला पोट धरून हसत. आईने कान पिळला, तरी का हसला ते सांगितलं नाही. मला म्हणाला, “युनी, तुला सांगितलं तर तू सगळ्यांना सांगशील.” (खरंच होतं ते.) त्यानंतरच्या जूनपासून तो शीळ घालायला लागला. मुरिएल, त्याला माहीत होतं गं. तो कॅप्टनला मान देत नव्हता, कुत्र्याला बोलावत होता. जन्मभर! आणि शेवटी शेजार मागितला तोही त्याचाच. मग मी कोण त्याला हुसकणारी? हेक्टरला परत आत ठेवायला लावलं मी. डाव्या बाजूला. भुंकला तरी रूपर्टला त्रास नाही.

म्हणजे पुन्हा एकच जागा उरली. ती तू घे. उजवी. त्या कानाने त्याला ऐकू येतं.

पण घाई करू नकोस. माझ्या शेजारची खोली रिकामी आहे, सकाळी तिथे ऊन येतं. त्या हॉटेलात, त्या कर्नलच्या वाघाबरोबर किती दिवस काढणार? हेक्टरवर हसायला मला इथे कोणी नाही. टॅपलो रडतात आणि पेरेग्रिन घाबरतो. ये. फक्त तुझा तो मार्मालेड आणू नकोस, माझा चांगला होतो.

ता. क. तिसरा – मी कुठे जाणार अशी काळजी नको. झाडाखाली हेक्टरसाठी हॉबडेचा खड्डा खणून झालाच होता, तो फुकट कशाला घालवा? मी पाहून आले. जागा चांगली आहे, आणि तळघरातली ओल मला कधीच सोसली नाही. कुत्र्याच्या मापाचा आहे तेवढा मोठा करावा लागेल. हॉबडे लगेच कुदळ घेऊन उठला. मी म्हटलं, अरे बाबा, बस, चहा घे आधी. मुरिएल यायचीय अजून.