मधली धार

कोहेई,

सकाळचे सव्वासहा. मी कामावर निघाले आहे. चिठ्ठी मुद्दाम संडासाच्या दारावर लावते आहे.

काल तू म्हणालास, "माझा रिपोर्ट स्वच्छ आहे. मग तुला क्लॅमिडिया झाला कुठून, तूच सांग." मला ठाऊक नाही. माझ्या डॉक्टर मोरिवाकींनाही नाही. हा लैंगिक संसर्ग काहीही न दुखता वर्षानुवर्षं अंगात राहू शकतो, म्हणे.

पण आज पहाटे आरोग्य केंद्राचा सूचनांचा कागद वाचला. तपासणीच्या दिवशी तू हसत बाहेर आला होतास. "नर्सबाई मला शिकवायला निघाल्या! म्हटलं, बाई, दहा वर्षं कंपनीच्या तपासणीत लघवीचा कप भरतोय. पहिली धार सोडायची, मधली धरायची." या तपासणीला पहिलीच धार लागते. तीच तू सोडून दिलीस. म्हणजे तुला संसर्ग आहे असं नाही, आणि नाही असंही नाही.

केंद्र नऊला उघडतं. आठनंतर लघवीला जाऊ नकोस. तिथे झालं ते खरं सांग, आणि निकालाची वाट न बघता डॉक्टरांकडून औषध घे. माझं घेऊन झालंय. तू घेतलं नाहीस तर मला ते पुन्हा होईल, आणि बाळंतपणात बाळाच्या डोळ्यांत जाऊ शकेल. नऊ आठवडे उरलेत.

डॉक्टर हो म्हणेपर्यंत मी पुढच्या खोलीत झोपेन. रागाने नाही. की रागानेच, मला कळत नाही.

भात कुकरमध्ये आहे. तुझा रिपोर्ट तू फ्रिजवर लावला होतास, तो अजून तिथेच आहे.

चिगुसा