कूळ शोधताना कूळच निघालं

गुरुवार, १३ फेब्रुवारी
डिस्कव्हरी गार्डन्स

राग अजून उतरलेला नाही. आमची कंपनी लोकांच्या घराण्यांचा इतिहास शोधून त्याचं पुस्तक करून देते. अबुधाबीच्या डेव्हिडसाहेबांना त्यांच्या इंग्लंडमधल्या शेतकरी घराण्याचं पुस्तक हवंय. तीन महिने मी त्यांच्या गावची जुनी कागदपत्रं उपसली. पाच पिढ्या, एकच शेत आणि प्रत्येक नावापुढे एकच शब्द: टेनंट. म्हणजे कूळ! जमीन कायम दुसऱ्याची.

आज मॅनेजर म्हणतो, "मॅडम, लँडओनर लिख दो ना. क्लायंट खूश, काम खलास."

"नहीं लिखूँगी."

"अरे, एक ही तो वर्ड है!"

एकच शब्द? आमच्या रत्नागिरीच्या सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव कुळाच्याच रकान्यात होतं. भात त्यांनी लावायचं आणि मळणी झाली की खोताचा माणूस वाटा न्यायला खळ्यावर हजर. आई मात्र लग्नकार्यात सगळ्यांना सांगायची, "आमची पिढीजात जमीन." आणि मी शेजारी बसून मान डोलवायचे. का डोलवायचे? लाज त्याची वाटते, पणजोबांची नाही.

पाच वाजता फाइल थेट डेव्हिडसाहेबांना पाठवून दिली, 'टेनंट' या शब्दासकट. तेव्हापासून मॅनेजरचे चार फोन येऊन गेले. येऊ देत. नोकरी गेली तर गेली.

कूळ असल्याने कुळाला बट्टा लागत नाही. तो खोटं लिहिल्याने लागतो.