फ्लेक्सवरचं लष्कर

८ जानेवारी, गुरुवार

अमेरिकेच्या वकिलातीत पासपोर्ट ठेवून घेतला. हातात एक चिठ्ठी दिली — पुढील तपासणी. किती दिवस? काचेपलीकडचा माणूस म्हणाला, सांगता येत नाही. व्हिसाचा शिक्का घेऊन पंधरा दिवसांत अमेरिकेला परत, असा माझा हिशोब. डोंबलाचा हिशोब.

त्याआधी त्यानं विचारलं, नेमकं काय बनवता? म्हटलं, उपग्रहाच्या फोटोंवरून शेतात कुठलं पीक आहे ते ओळखणारं एआय मॉडेल. "फक्त पीकच ओळखतं? रणगाडा नाही?" शिकवलं तर ओळखेल. त्याला भात काय नि रणगाडा काय. तसंच सांगून मोकळी झाले. गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं!

९ जानेवारी

गावी आले. पासलीत घरात रेंज नाही. मागच्या टेकाडावर जाऊन कंपनीच्या वकीलबाईंशी बोलले. एआयवाल्यांच्या फायली हल्ली अशाच अडकतात म्हणे — देशाच्या सुरक्षेचा प्रश्न. माझी जागा अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत राखून ठेवतील. मग दुसरं कोणीतरी. सहा वर्षं घातली मी त्या मॉडेलमध्ये.

"आता थांबायचं. त्यांनी विचारल्याशिवाय एक अक्षर पाठवायचं नाही." दोनदा बजावलं. नंतर मेलवरही लिहून पाठवलं.

थांबायचं. मला आयुष्यात न जमलेली गोष्ट.

१२ जानेवारी, सोमवार

वेल्ह्याला झेरॉक्स काढायला गेले. एसटीतून उतरले तर समोर मीच! आठ फुटी. पदवीच्या दिवशीचा फोटो, मागे दोन विमानं आणि एक तोफ. वर — "अमेरिकेच्या लष्कराचा मेंदू घडवणारी पासलीची लेक कु. अश्विनी हिचे हार्दिक अभिनंदन." खाली हात जोडलेले आमचे गोरखकाका, गावचे उपसरपंच.

लष्कर कुठून आलं? कंपनीत लष्कराचं काम चालतं तो मजला वेगळा. माझ्या कार्डानं ते दार उघडतसुद्धा नाही, कारण मी परदेशी. तिथं दाराबाहेर उभं करतात आणि इथं मला तोफेपुढं उभी केली!

घरी आल्यावर काकांना धरलं. ते शांत. "अगं, फ्लेक्सवर जरा वाढवूनच लिवायचं आसतं. पांडूचा भिमा कंपनीत हेल्पर लागला, त्याला म्यानेजर नव्हता का केला? कोन खरं मानतंय?"

हे खरंच आहे. आमच्याकडं फ्लेक्सवर हवालदाराचा साहेब होतो आणि वाचणारा मनातल्या मनात दोन पायऱ्या खाली उतरवून वाचतो. पण वकिलातीतल्या माणसाला हे कोण सांगणार? काकांनी तोच फोटो मला टॅग करून फेसबुकवरही टाकलाय. सहाशे लाईक. हल्ली ते अर्जदाराचं फेसबुक, इन्स्टा सगळं तपासतात.

"काढून टाकतो की," काका म्हणाले. नको! काढलं तर लपवलं असं होईल.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ कडू लागला. आई म्हणते, "तोंड वाकडं करून सनाचा इस्कोट करू नको." बरोबर आहे तिचं. तरी वाकडंच.

१७ जानेवारी, शनिवार

टेकाडावर तीन वेळा. साईटवर अर्जाची स्थिती तीच. अमेरिकेचे सगळे नियम वाचून काढले. कुठली चिप कुणाला विकायची, कुठल्या देशाच्या माणसाला कुठल्या खोलीत घ्यायचं. एवढ्या मोठ्या देशांचं भांडण, आणि मी त्यात धान्यातल्या खड्यासारखी. निवडून बाहेर टाकणं सोपं.

भोरचे उपेंद्र सर, माझे कॉलेजचे, त्यांचा फोन. "इथंच ये ना, देशालाही अशी माणसं हवीत." पोटतिडकीनं बोलले. मी "बघते" म्हणून फोन ठेवला. मला रागच आला त्यांचा. मला माझं काम हवंय, माझ्या हातचं.

२० जानेवारी

ठरवलं. त्यांना ती पोस्ट सापडायच्या आधी आपणच सांगायचं. पुराव्यासकट! वकीलबाईंना विचारलं तर पुन्हा "थांबा". त्यांचं काय जातंय थांबायला?

काकांना म्हटलं, ग्रामपंचायतीचा दाखला पाहिजे. फ्लेक्सवरचा मजकूर खोटा आहे, मी लष्कराचं काम करत नाही, आणि गावात असं वाढवून लिहायची पद्धत आहे. तुमच्या सहीनं.

काका म्हणाले, "आसं लिवून दिलं तर उद्या माझ्या कुठल्या सहीला कोन मानंल?"

मी म्हणाले, "तुमच्यामुळंच झालंय ना हे?" फार तोडून बोलले. माझे वडील, आबा, गेले तेव्हा मी सातवीत होते. त्यानंतर शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर पालक म्हणून याच माणसाची सही आहे.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. सरपंच म्हणाले, असला दाखला सभेपुढं वाचल्याशिवाय शिक्का मारणार नाही. काका इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले. स्वतः वाचलं. "सदर फ्लेक्सवरील मजकूर मी कौतुकापोटी खोटा लिहिला."

मागून कोणीतरी, "मंग रस्ता मंजूर झाल्याचा फ्लेक्स बी कौतुकापोटीच का?" सगळी सभा हसली. भिमाचा बाप उठला — "माझा पोरगा म्यानेजर न्हाई आसं म्हनायचंय का तुमाला?" काकांनी शिक्का मारलेला कागद माझ्या हातात ठेवला आणि घरी गेले.

मला रडू आलं. कागदही हवा होता.

३० जानेवारी, शुक्रवार

भोरला जाऊन दाखल्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं. नोटरी केली. फ्लेक्सचा फोटो, पोस्टची लिंक, माझं पत्र — सगळं वकिलातीच्या साईटवर चढवलं. वकीलबाईंना नंतर कळवेन. पंधरा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले. मोकळं वाटलं!

२ फेब्रुवारी

काका ग्रामसभेपासून वेल्ह्याला गेलेले नाहीत. बाजार आई आणते. चावडीवरही बसत नाहीत. आई म्हणाली, "सोड, इसरतील लोकं." मी काकांजवळ जाऊन बसले. वाल सोलत होते. मीही सोलले.

५ फेब्रुवारी, गुरुवार

वकीलबाईंचा मेल. माझी तपासणी अठ्ठावीस जानेवारीलाच पूर्ण झाली होती. मंजूर. शिक्का मारायचा तेवढा राहिला होता. ती पोस्ट त्यांनी पाहिलीही नव्हती! तीस तारखेला माझं पत्र गेलं, त्यात लष्कर हा शब्द चार वेळा. फाईल परत खाली. नव्यानं तपासणी, मुदत नाही. "मी तुम्हाला लेखी कळवलं होतं," एवढंच शेवटी.

टेकाडावरून उतरले तेव्हा काका दारातच उभे होते. "दाखल्याचा काय उपेग झाला का गं?"

"झाला काका," म्हटलं. "लई झाला."

काका चपला घालून वेल्ह्याच्या एसटीला गेले.